सुलतानी टंके: कडेचा मजकूर कापला गेलेली नाणी आटवू नका

नाणेघाट

नाण्यांच्या प्रदर्शनात कुठल्याही टेबलाशी उभे राहा, दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. टांकसाळीचं नाव पूर्ण आहे का? साल दिसतंय का? उत्तर नाही असलं की नाणं परत ताटात पडतं. दिल्लीच्या सुलतानांचे चांदीचे टंके असे ढिगाने नाकारले जातात. त्यातले बरेच शेवटी चांदीच्या भावाने मोडीत जातात आणि मुशीत आटतात. हा धागा त्या नाकारलेल्या टंक्यांसाठी काढला आहे.

आधी ही नाणी पाडायचे कसे ते बघू. खालचा ठसा ऐरणीत किंवा जाड ओंडक्यात पक्का बसवलेला. त्यावर चांदीची तापवून मऊ केलेली चकती. तिच्यावर वरचा ठसा हाताने धरायचा आणि घण घालायचा. चकतीभोवती आवरण नसतं, त्यामुळे चांदी दाबाखाली वाट मिळेल तिकडे पसरते आणि काठ वेडावाकडा होतो. ठशावरचा मजकूर बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठ्या घेराचा असतो. म्हणजे कडेची अक्षरं बाहेर जाणार हे ठसा कोरणाऱ्यालाही माहीत होतं. मधला मजकूर, म्हणजे सुलतानाचं नाव आणि किताब, उमटला की काम झालं. मग चोख असायला काय लागत होतं? वजन आणि कस. त्या काळच्या माणसाने टंका हातात घेऊन आधी तोलला, मग कसोटीवर घासला. साल वाचत बसणारे आपण.

दिल्लीत हा टंका रुळवला शम्सुद्दीन इल्तुतमिशने (१२११ ते १२३६). वजन साधारण १०.९ ग्रॅम. हिशेब ९६ रतींचा, म्हणजे आपल्या ९६ गुंजांच्या तोळ्याचाच सांगाडा. पुढचा सुलतान बल्बन याच्या काळात टंके नियमित निघतात आणि अलाउद्दीन खलजीच्या काळात (१२९६ ते १३१६) त्यांचा पूर येतो. आज बाजारात सुलतानी टंका म्हणून जो समोर येतो तो बहुतेक अलाउद्दीनचाच असतो. एका बाजूला 'अस्-सुलतान अल्-आज़म अला अद्-दुनिया वद्-दीन अबुल मुज़फ्फर मुहम्मद शाह अस्-सुलतान'. दुसऱ्या बाजूला वर्तुळात 'सिकंदर अस्-सानी, यमीन अल्-खिलाफा, नासिर अमीर अल्-मोमिनीन' (पहिले दोन शब्द म्हणजे 'दुसरा सिकंदर'), आणि वर्तुळाबाहेर गोल फिरणारा टांकसाळीचा व सालाचा मजकूर. कापला जातो तो हाच.

कापलेल्या मजकुरात तरी काय उरतं, असं कोणी विचारेल. सांगतो. एका ठशाला पडलेली बारीक चीर, एखाद्या अक्षराचं टोक तुटलेलं, टिंब जरा सरकलेलं, हे त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तसंच उतरतं. एका नाण्यावर सालाची पहिली दोन अक्षरं आली, दुसऱ्यावर शेवटची तीन, आणि दोन्ही एकाच ठशाची आहेत हे अशा खुणेवरून पटलं, की दोन्हीचं पूर्ण साल हाती येतं. वेगवेगळे ठसे किती सापडतात यावरून टांकसाळ किती जोरात चालली याचा अंदाज बांधता येतो. सालाची म्हणून निवडक पाच नाणी ठेवून बाकीची आटवली तर हा सगळा पुरावा कायमचा जातो. पुरलेल्या नाण्यांचा हंडा सापडला की तो असाच फुटतो: चांगली नाणी एकाकडे, मधली दुसऱ्याकडे, उरलेली मुशीत. हंडा एकत्र असताना त्याने जे सांगितलं असतं ते मग कोणीच सांगू शकत नाही.

सोनारआळी

नाणेघाट काका, धागा फार आवडला. घरचा धंदा असल्यामुळे घडणीच्या बाजूने थोडी भर घालतो.

चांदी ठोकत गेलं की ती कडक होते, आणि कडक चांदीवर घण घातला की कडेला चिरा पडतात. म्हणून मधूनमधून ती लाल होईपर्यंत तापवून थंड करावी लागते. टंक्याच्या काठावर ज्या आडव्यातिडव्या फटी दिसतात त्या घाईत तापवणं चुकवल्याच्या खुणा आहेत. गिऱ्हाईक त्यांना 'फुटकं नाणं' म्हणतं. मला विचाराल तर खरेपणाच्या बाजूची ती मोठी साक्ष आहे. ओतून बनवलेल्या नकलेला अशी चीर पडत नाही. नकलेत चिरेचा नुसता आकार येतो, आत धार नसते.

दुसरं, चकत्या कापण्याबद्दल. अकबराच्या दरबारातल्या अबुल फज़लच्या आइन-ए-अकबरीत टांकसाळीच्या कामगारांची यादीच आहे: पारख करणारा, तोलणारा, चांदी गाळणारा, तुकडे कापणारा ज़र्राब, ठसा कोरणारा, चकती दोन ठशांच्या मध्ये धरणारा सिक्कची आणि घण मारणारा वेगळा. तिथे अबुल फज़ल कौतुकाने सांगतो की इराण-तुराणात खास ऐरणीशिवाय तुकडे कापता येत नाहीत, पण हिंदुस्थानचे कारागीर त्याशिवायही असे कापतात की केसाचा फरक पडत नाही. हे वर्णन सोळाव्या शतकाच्या शेवटचं. पण असा हात एका पिढीत बसत नाही, त्यामागे सुलतानी टांकसाळींची तीनशे वर्षं आहेत. ठसे कोरणारा दिल्लीचा मौलाना अली अहमद याचं नाव आणि त्याचा हुद्दासुद्धा अबुल फज़लने नोंदवला आहे. घण मारणाऱ्याचं नाव मात्र कुठे नाही.

गोदातीर

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. आमच्या आजोळच्या देवघरात एक चांदीचं जाड नाणं पूजेत असायचं, ते आता माझ्याकडे आलं आहे. एका बाजूच्या मधल्या ओळी ठळक आहेत. दुसऱ्या बाजूला वर्तुळ आहे, पण ते एका अंगाला सरकलेलं, त्यामुळे बाहेरचा मजकूर फक्त उजवीकडे दिसतो. वरच्या काठाला डाखाचा डाग आहे, बहुधा कधीतरी कडी लावून कोणी गळ्यात घातलं असावं. वजन १०.६२ ग्रॅम. ओळखीच्या एका दुकानात दाखवलं तर "कडी लागलेलं, साल नाही, चांदीचाच भाव मिळेल" असं म्हणाले. दोन्ही बाजूंचे फोटो टाकते आहे. हे घासून स्वच्छ करू का? आजी दिवाळीला चिंच लावून लख्ख करायची.

नाणेघाट

गोदातीर ताई, आधी एक विनंती: आता चिंच नको, पावडर नको, टूथपेस्ट तर नकोच. खोलगट भागातली काळी झाक राहू द्या. तीच अक्षरं वाचायला मदत करते, आणि प्रत्येक घासण्यात उठावाचा थोडा थर निघून जातो. आजीने जे केलं ते पूजेच्या भावाने केलं, त्यात तिचं काही वावगं नाही. यापुढे मऊ कापडात गुंडाळून ठेवा. साध्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून काही वर्षांनी हिरवट चिकट थर सुटतो आणि चांदीवर बसतो.

फोटो पाहिले. टंका अलाउद्दीन खलजीचा आहे यात मला शंका नाही. 'सिकंदर अस्-सानी' अगदी स्वच्छ उमटलं आहे. उजवीकडचा मजकूर वाचायला मोडीवाचकांना हाक मारतो.

मोडीवाचक

आलो. आधी सगळ्यांसाठी थोडं, मग ताईंच्या नाण्याकडे येतो.

अलाउद्दीनच्या टंक्यावर साल आकड्यांत नसतं, अरबी शब्दांत असतं, आणि एकं आधी, मग दहं, मग शेकडा. हे वाचून कोणी घाबरेल. पण ज्याने पेशवे दफ्तरातला एक जरी मोडी कागद वाचला आहे त्याला हे शब्द पाठ आहेत. आपल्या जुन्या मराठी कागदांवरच्या कालगणनेचे, म्हणजे सुहूर सनाचे, शब्द तेच: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. 'सन सबा सितैन मया व अलफ' म्हणजे सात, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६७. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६६. क्रमही तोच. फरक इतकाच की नाण्यावरचं साल हिजरी, चांद्र वर्षाचं, म्हणून तिथे ५९९ मिळवून भागत नाही. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की जवळचं इसवी साल येतं.

म्हणजे मराठी दफ्तरं वाचणाऱ्यांची एक अख्खी फळी महाराष्ट्रात आहे जिला सुलतानी नाण्यांच्या कडा वाचायला फक्त अरबी वळणाची सवय करायची आहे. शब्द येतातच. मोडीच्या वर्गांमध्ये एक दिवस नाण्यांसाठी ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

ताई, तुमच्या नाण्यावर उजवीकडे मला 'अशर व सबअमिया' दिसतंय. 'अशर' म्हणजे दहा, 'सबअमिया' म्हणजे सातशे. 'अशर'च्या आधी एका अक्षराचं शेपूट आहे, म्हणजे तिथे एकंचा आकडा होता आणि तो काठाबाहेर गेला. ७१० असतं तर 'अशर'च्या आधी थेट 'सन' आलं असतं, आणि 'सन'च्या शेवटाचं वळण असं नसतं. तेव्हा साल ७११ ते ७१५ यांतलं. अलाउद्दीन ७१५ मध्येच वारला, पुढे जायचा प्रश्न नाही. इसवी सनात १३११ ते १३१६.

गोदातीर

अंगावर काटा आला. सातशे वर्षांपूर्वीचं आहे हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. खूप आभार, मोडीवाचक काका.

सह्यकडा

माहिती चांगली आहे, पण एक गोष्ट मनात खुपते, ती स्पष्ट लिहितो. हे टंके ज्या चांदीचे आहेत ती आली कुठून? १२९६ साली देवगिरीवर पहिला घाला घालणारा हाच अलाउद्दीन, तेव्हा तो सुलतानही झाला नव्हता. यादव राजा रामचंद्रदेवाची संपत्ती नेली, पुढे त्याचा सेनापती मलिक काफूर याने दक्षिण पिंजून काढली. स्वतःला 'दुसरा सिकंदर' म्हणवणाऱ्याची नाणी आपण कौतुकाने जपायची?

नाणेघाट

सह्यकडा, प्रश्न योग्य आहे आणि तो टाळायचा नाही.

अलाउद्दीनचे टंके इतके मुबलक का, याचा संबंध अभ्यासक दख्खनच्या लुटीशी जोडतात. भारतात चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या. चांदी व्यापारातून यायची किंवा कोणाच्या तरी खजिन्यातून. ताईंच्या टंक्याचीच सालं बघा. ७११ हिजरी सुरू होतं मे १३११ मध्ये. त्याच वर्षी मलिक काफूर द्वारसमुद्र आणि मदुराईची मोहीम करून लूट घेऊन दिल्लीला परतला. त्याआधी १३०७ ला पुन्हा देवगिरी, १३०९-१० ला वरंगळ. या पाच वर्षांतल्या टंक्यात दक्षिणेची चांदी असण्याचा संभव चांगलाच मोठा आहे. म्हणून तर तो जपायचा. यादवांच्या राज्याचा शेवट झाला त्या वेळच्या वस्तू आपल्याकडे कितीशा उरल्या आहेत? हा टंका आटवला तर अलाउद्दीनचं काही बिघडत नाही. पुरावा आपला जातो.

आणि देवगिरी या नाण्यांवर प्रत्यक्ष लिहिलेलीही आहे. अलाउद्दीनच्या अखेरच्या काळात, हिजरी ७१४ मध्ये, 'किला देवगीर' असं टांकसाळीचं नाव असलेला सोन्याचा टंका पाडला गेला. त्याचा मुलगा कुत्बुद्दीन मुबारक याने देवगिरी खालसा केली आणि नाण्यांवर तिचं नाव 'कुत्बाबाद' झालं. हाच मुबारक स्वतःला खलीफा म्हणवू लागला, आणि गोल नाण्यांबरोबर त्याने चौकोनीही पाडली. पुढे मुहम्मद बिन तुघलकाच्या काळात तिथेच 'दौलताबाद' येतं. एका गडाची तीन नावं, पंधरा-वीस वर्षांच्या नाण्यांच्या कडेवर. ती कड कापली गेली असली तरी 'देव...' एवढं जरी शिल्लक असेल तरी ते नाणं मला पूर्ण सालाच्या दहा दिल्लीच्या टंक्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

यादवांची स्वतःची पद्धत याहून अगदी वेगळी होती. त्यांचे सोन्याचे पद्मटंक एका ठशाने पडत नसत. मध्ये कमळ आणि भोवती राजाचं नाव वगैरे छोटे छोटे शिक्के एकेक करून मारत, त्यामुळे नाणं वाटीसारखं खोलगट होई. मोठा, सपाट, दोन्ही बाजूंनी लेख असलेला चांदीचा टंका हे दख्खनला नवीन होतं. ते आधी आक्रमणाबरोबर आलं आणि नंतर इथलंच झालं.

सह्यकडा

हे पटलं. देवगिरीचं नाव असलेलं नाणं प्रत्यक्ष पाहायची इच्छा आहे.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये राहतो, इथल्या घणाच्या नाण्यांचा थोडा नाद आहे. तंत्र तेच, पण इथल्या अडचणी वेगळ्या होत्या, म्हणून लिहितो.

इंग्लंडची चांदीची पेनी १.४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका टंक्यात सात-साडेसात पेनी बसतील. इतक्या पातळ नाण्याची कड कातरून चांदी चोरणं सोपं होतं, आणि ते सर्रास चाले. १२४७ मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या पेनीवरचा क्रूस थेट काठापर्यंत लांबवला गेला, म्हणजे त्याचं टोक दिसत नसेल तर नाणं कातरलं आहे हे लगेच कळावं. त्याच क्रुसाच्या रेषेवर कापून लोक पेनीच्या अर्ध्या आणि पाव करत. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने सगळं चलन नव्याने पाडलं आणि अर्धी व पाव पेनी गोल आकारात काढली. या प्रकरणाची दुसरी बाजू भीषण आहे. कड कातरल्याच्या आरोपावरून १२७८-७९ मध्ये ज्यूंची सरसकट धरपकड झाली, एकट्या लंडनमध्ये अडीचशेहून अधिक ज्यूंना फासावर चढवलं, आणि १२९० मध्ये अख्ख्या समाजाला देशाबाहेर काढलं. पेनी हातात घेताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

ठशांबद्दल एक नोंद. घण थेट वरच्या ठशावर बसतो, म्हणून तो लवकर झिजतो. इथे साधारण खालच्या एका ठशामागे वरचे दोन दिले जात. म्हणजे नाणेघाट म्हणतात तसे ठसे जुळवताना एकच खालचा ठसा वेगवेगळ्या वरच्या ठशांबरोबर आला तर गोंधळून जायचं कारण नाही. उलट त्या साखळीवरून कुठलं नाणं आधी पडलं, कुठलं नंतर, हे लावता येतं.

शेतात नाणी सापडली तर इथे १९९६चा कायदा आहे. किमान तीनशे वर्षं जुनी, किमान दहा टक्के चांदी-सोनं असलेली दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली की चौदा दिवसांत कळवावं लागतं. संग्रहालयाने ठेवून घेतली तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला मोबदला मिळतो. त्यामुळे लोक हंडे लपवत नाहीत आणि एकेका हंड्याची साग्रसंगीत नोंद होते. आपल्याकडे काय स्थिती आहे?

नाणेघाट

आपल्याकडे कायदा त्याहून कितीतरी जुना आहे, १८७८चा निखात निधी कायदा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये ही रक्कम आज हास्यास्पद वाटेल, पण त्याचा अर्थ असा की चांदीचं एक नाणंही त्यात येतं. या कायद्यातही शोधणाऱ्याच्या वाट्याची तरतूद आहे. पण गावात हंडा निघाला की पहिली भीती पोलिसांची, दुसरी भाऊबंदांची, आणि तिसऱ्या दिवशी नाणी सोनाराच्या मुशीत. गावागावांत कायद्याची माहिती आणि मोबदल्याचा विश्वास पोहोचला तर निम्मं काम होईल. इथे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी असे कोणी वाचक असतील तर कृपया मनावर घ्या.

आणि लीड्सकर, सुट्टीला आलात की इथले टंके पाहा, हाताळा, पण नेऊ नका. शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी माणसाला देशाबाहेर नेण्यास १९७२च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे.

लीड्सकर

माहीत आहे, आणि बरोबरच आहे ते.

दाभोळखाडी

कोकणाला विसरलात की राव! आमच्या दाभोळच्या लारीशिवाय ठोकलेल्या चांदीची गोष्ट पुरी होत नाही. लारी म्हणजे चांदीची जाड तार, मध्यावर दुमडलेली, आणि दोन्ही अंगांनी ठसा मारून चपटी केलेली. वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. नाव इराणातल्या लार शहरावरून. होर्मुझच्या बाजूने व्यापाऱ्यांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर आली, श्रीलंकेत तिला माशाच्या गळासारखा बाक देत. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने सतराव्या शतकात दाभोळला स्वतःच्या नावाच्या लाऱ्या पाडल्या.

इथे कापला जाण्याचा प्रश्न टोकाला जातो. गोल नाण्यासाठी कोरलेला ठसा पेन्सिलीएवढ्या तारेवर मारायचा, म्हणजे एका लारीवर मजकुराची फक्त एक पट्टी येते. कुणावर 'अली', कुणावर 'लारी दाभोळ', कुणावर सालाचा एखादा आकडा. पूर्ण लेख एका लारीवर कधीच नसतो. अनेक लाऱ्या शेजारी ठेवून तो जुळवावा लागतो. नाणेघाट जे टंक्यांबद्दल सांगतायत ते लारीच्या बाबतीत पर्यायच ठेवत नाही.

नाणेघाट

दाभोळखाडी, अगदी नेमकं. मी तेराव्या-चौदाव्या शतकाभोवती होतो म्हणून लारी सुटली होती.

आता त्याच काळातली एक गंमत. मुहम्मद बिन तुघलकाने आधी टंक्याऐवजी हलकी, सव्वानऊ ग्रॅमच्या आतली 'अदली' काढून पाहिली, मग १३२९-३०च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या मोलाने चालवायचा प्रयत्न केला. त्यांवर 'जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो रहमानाची आज्ञा पाळतो' असा मजकूर होता. काहींवर 'तख्तगाह दौलताबाद' लिहिलेलं आहे, म्हणजे तीही आपल्या मातीत पडली. प्रयोग दोन-तीन वर्षांत गुंडाळावा लागला. त्यानंतर दिल्लीत चांदी आटत गेली. लोदींच्या काळात तर शुद्ध चांदीचं नाणं निघतच नाही, तांब्यात थोडी चांदी मिसळलेले बहलोली चालतात. चांदीचा टंका टिकला तो बंगाल, गुजरात, माळवा आणि आपल्या बहमनींकडे.

बंगालचे टंके पाहाल तर वाईट वाटेल: सराफांनी पारख करताना छिन्नीचे आणि शिक्क्यांचे इतके घाव घातलेले की सुलतानाचं नाव शोधावं लागतं. पण तो प्रत्येक घाव म्हणजे एकेका सराफाने दिलेली साक्ष की चांदी आतपर्यंत खरी आहे. माळव्याच्या गियास शाहने चौकोनी टंके पाडले. बहमनींचे टंके सगळ्यांत देखणे, निदान माझ्या डोळ्यांना. फिरोज शाहचा (१३९७ ते १४२२) गुलबर्ग्याचा, म्हणजे 'हज़रत अहसनाबाद'चा टंका मोठा, भरीव आणि रेखीव असतो. पुढे अहमद शाहने राजधानी बिदरला हलवली आणि कडेला 'मुहम्मदाबाद' आलं. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की दख्खनचे सराफ बहमनी नाणी आटवून टाकत, कारण त्यांना विजयनगर आणि वरंगळचं चलन चालू ठेवायचं होतं, आणि पहिल्या मुहम्मद शाहने त्यासाठी त्यांची कत्तल केली. फिरिश्ता अडीचशे वर्षांनंतर लिहितो, तेव्हा तपशील जपूनच घ्यायचा. पण दख्खनमध्ये चांदीचा टंका सहजासहजी रुजला नाही एवढं त्यावरून नक्की दिसतं.

शेवटी शेरशाहने (१५४० ते १५४५) साडेअकरा ग्रॅमचा शुद्ध चांदीचा रुपया काढला, त्यावर नागरी अक्षरांतही आपलं नाव घातलं, आणि तोच आपल्या रुपयाचा पूर्वज. तंत्र मात्र बदललं नाही. पेशवाईतला अंकुशी रुपयाही असाच घणाखाली पडला, आणि त्याच्याही कडा अशाच कापलेल्या.

नाशिककर_भटक्या

नाशिक जिल्ह्यातल्या मुल्हेरचं नाव राहिलं. गुजरातच्या सुलतानांचं चांदीचं नाणं, महमुदी, अकबराने गुजरात घेतल्यावरही बागलाणात पाडलं जात होतं. १६१० च्या सुमारास इकडून गेलेला इंग्रज प्रवासी विल्यम फिंच लिहितो की साल्हेर आणि मुल्हेर इथे महमुद्या पडतात. मुल्हेरवर चढणाऱ्या ट्रेकरपैकी किती जणांना हे माहीत असतं!

आणि सह्यकडा, नाणी प्रत्यक्ष पाहायची तर अंजनेरीला या. त्र्यंबक रस्त्यावर नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालयही चांगलं आहे.

सोनारआळी

नकलांबद्दल दोन शब्द, कारण ताईंसारखे नवे वाचक उद्या खरेदीला जातील. घणाने पाडलेली दोन नाणी एकाच ठशाची असली तरी हुबेहूब सारखी कधीच नसतात. चकती वेगळी, ती ठेवण्याची जागा वेगळी, घाव वेगळा. काठाचा आकार, ठसा सरकण्याची दिशा आणि चिरा सगळं जुळणारे दोन टंके दिसले, तर दोन्ही ओतलेले आहेत असं समजून पुढे चला. भिंगातून काठ पाहा, ओतीव नाण्याला जोडाची रेघ असते किंवा ती कानशीने घासून काढलेली असते. पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि अक्षरांच्या कडा बोथट दिसतील.

घरी करण्यासारखी एक तपासणी. बारीक वजनाच्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवा आणि काटा शून्य करा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. शुद्ध चांदीचं उत्तर १०.४९, तांब्याचं ८.९६. चांगला टंका १०.३ ते १०.४ च्या आसपास येतो.

गोदातीर

आत्ताच करून पाहिलं. काट्यावर १.०३ आलं. १०.६२ ला १.०३ ने भागलं तर १०.३१.

सोनारआळी

अगदी उत्तम, ताई. डाखाची मिसळ धरूनही चांदी चोख आहे. आणि तो डाख काढायला कोणाकडे देऊ नका, तापवलं की पृष्ठभाग जातो.

मोडीवाचक

ताई, अजून एक काम कराल का? उजव्या काठाचा फोटो तिरप्या उजेडात, अगदी जवळून घ्या. दिवा नाण्याच्या बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवा. 'अशर'च्या आधीच्या शेपटाचं वळण नीट दिसलं तर ते एकंच्या कुठल्या शब्दाचं हे ठरवता येईल. नाणेघाट, तुमच्याकडच्या टंक्यांत याच ठशाची चीर असलेलं दुसरं नाणं निघतंय का तेही बघा. 'सिकंदर'मधल्या 'काफ' या अक्षराच्या वर उजवीकडे एक बारीक रेघ आहे, ती ठशाचीच वाटते.

नाणेघाट

रेघ मलाही दिसली. संग्रह बाहेर काढून एकेक पाहतो. जुळणारा मिळाला तर दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी इथेच टाकतो. बाकीच्यांनीही आपापले कापलेले, साल नसलेले अलाउद्दीनचे टंके याच धाग्यात टाका: दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, आणि माहीत असेल तर कुठल्या भागातून आला ते. ज्यांचं गाव सांगायचं नसेल त्यांनी जिल्हा लिहिला तरी चालेल.